पास झाला असता, तरी कापलेला जोड

ई-अंकासाठी कोण काय लिहिणार, असं मंडळाच्या ग्रुपवर विचारलं गेलं तेव्हा मी "पाइपचं वेल्डिंग" असं टाकलं. त्यावर भराभर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. एकीने विचारलंच, "तू साहित्याची ना गं?" हो, साहित्याचीच आहे. पण माझा मामा पाइप वेल्डर आहे, आणि गेल्या डिसेंबरात त्याने एक जोड कापताना मी शेजारी उभी होते. तो जोड त्याने का कापला, हे नीट समजून घ्यायला मला पुढचे दोन महिने लागले. जे समजलं ते तुम्हाला सांगते. गणित थोडं आहे, पण घाबरू नका, भागाकारापलीकडे काही नाही.

मामा तेव्हा मध्य प्रदेशात, धारजवळच्या तिरला या गावापाशी पाण्याच्या पाइपलाइनच्या कामावर होता. नाताळला त्याला सुट्टी मिळणार नव्हती. म्हणून आईने नेवऱ्या आणि कुळकुळांचे दोन डबे भरले, आणि आम्ही दोघी वसईहून बोरिवलीला जाऊन अवंतिका एक्सप्रेसने इंदूरला गेलो, तिथून बसने धारला. धार म्हणजे पवारांचं संस्थान, त्यामुळे तिथे अजूनही मराठी कानावर पडतं. तिरल्यात मात्र आजूबाजूला माळवी, भिलाली आणि हिंदी. मामा तिन्हींची मिसळ करून बोलत होता.

लाइन शेताच्या कडेने जात होती. ४०० मिलिमीटर व्यासाचा, ६ मिलिमीटर जाडीचा कार्बन स्टीलचा पाइप. प्रत्येक जोडावर खडूने नंबर आणि वेल्डरचा नंबर लिहिलेला. दहा जोडांमागे एकाचा एक्सरे निघायचा, बाकीचे डोळ्यांनी तपासायचे, आणि शेवटी सगळ्या लाइनमध्ये पाणी भरून प्रेशर टेस्ट. जोड नंबर ११४ एक्सरेच्या यादीत नव्हता. बाहेरून तो इतका सुबक होता की मला वाटलं कुणीतरी वेणी घातलीय. सुपरवायझरने बघून मान हलवली आणि तो पुढे गेला.

मामा मात्र तिथेच रेंगाळला. मग म्हणाला, "ह्याची रूट मला आवडली नाही. खालच्या बाजूला गॅप बंद झाला होता. कापतो."

सुपरवायझर वैतागला. वैतागणारच. अर्धा दिवस जाणार, ग्राइंडरच्या चकत्या जाणार, आणि मामाला पैसे जोडावर मिळत होते, म्हणजे त्या दिवसाचे तेही गेले. संध्याकाळी मी त्याला विचारलं, "मामा, तो टेस्टमध्ये फुटला असता का रे?"

"नाही गं बाय. पास झाला असता."

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. पास झाला असता, तर मग कापला कशाला?

जोड म्हणजे काय?

आधी एक गैरसमज काढून टाकू. मला वाटायचं, वेल्डिंग म्हणजे लोखंडाला लावायचा डिंक. तसं नाही. तांब्यापितळेच्या भांड्याला डाग देतात, तेव्हा भांडं वितळत नाही. कमी उष्णतेला वितळणारा दुसरा धातू फटीत जाऊन बसतो. वेल्डिंगमध्ये दोन्ही पाइपांच्या कडा स्वतः वितळतात, रॉडचा धातूही वितळतो, आणि तिघांचं मिळून एक छोटं तळं तयार होतं. पोलाद वितळायला साधारण १५०० अंश सेल्सिअस लागतात, आणि रॉडच्या टोकाशी पेटणारा आर्क त्याहून कितीतरी तापतो. तळं थिजलं की जोड झाला. व्याकरणात सांगायचं तर डाग देणं म्हणजे "आईवडील": शब्द दोन, शेजारी ठेवलेले, दोन्ही जसेच्या तसे. वेल्डिंग म्हणजे "सूर्यास्त". सूर्य कुठे संपला आणि अस्त कुठे सुरू झाला, ते त्या "र्या"मध्ये दाखवता येत नाही.

आता ताकदीचं. साध्या ग्रेड बी कार्बन स्टीलचा पाइप तुटायला दर चौरस मिलिमीटरला किमान ४२ किलोचा ताण लागतो. मामा जे ७०१८ नंबरचे रॉड वापरतो, त्यातले पहिले दोन आकडे रॉडच्या धातूची ताकद सांगतात: दर चौरस इंचाला ७०,००० पौंड, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४९ किलो. म्हणजे रॉडचा धातू पाइपपेक्षा मजबूत. म्हणून नीट केलेल्या जोडाची पट्टी कापून मशीनवर ओढली, तर ती बहुतेक वेळा जोडात तुटत नाही, जोडापासून लांब, साध्या पाइपात तुटते. हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. आपण "जोड दिलेली वस्तू" म्हणतो तेव्हा ती थोडी कमीच, असं गृहीत धरतो. इथे उलट आहे.

मग जोड कमजोर कुठे पडतो? दोन ठिकाणी: शेजारच्या पट्टीत आणि मुळाशी.

शेजारची पट्टी

जोडाला लागून दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर रुंदीची एक पट्टी असते. ती वितळलेली नसते, पण लालभडक तापून पुन्हा गार झालेली असते. पोलाद साधारण ७२३ अंशांच्या वर गेलं की त्याची आतली रचना बदलते. मग ते कसं गार होतं, यावर सगळं ठरतं. सावकाश गार झालं तर पुन्हा मऊ आणि चिवट होतं. फार पटकन गार झालं आणि त्यात कार्बन जास्त असेल, तर ते कडक पण ठिसूळ होतं. लोहार विळा तापवून पाण्यात बुडवतो ना, तेच. विळ्याला कडकपणा हवा असतो, पाइपला नको असतो.

म्हणून पाइपच्या पोलादात कार्बन किती, हे आधी बघतात. नुसता कार्बन बघून भागत नाही. मँगनीज, क्रोमियम यांचाही तसाच परिणाम होतो, म्हणून त्यांचाही थोडा थोडा वाटा धरून एक बेरीज करतात. मँगनीजचा एक षष्ठांश, असं. ही बेरीज ०.४ ते ०.४५ टक्क्यांच्या पुढे गेली, किंवा पाइप जाड असला, की वेल्डिंगच्या आधी पाइप गरम करून घ्यावा लागतो, म्हणजे तो नंतर सावकाश गार होतो. तिरल्याचा पाइप पातळ आणि कमी कार्बनचा होता, तिथे ही भीती फारशी नव्हती.

दुसरा शत्रू म्हणजे ओल. रॉडवरच्या लेपाने हवेतली दमट वाफ शोषली, तर आर्कमध्ये पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो आणि तापलेल्या धातूत शिरतो. धातू गार झाल्यावर तो बाहेर पडायला बघतो, आणि त्या शेजारच्या ठिसूळ पट्टीला आतून तडा देतो. वाईट म्हणजे हा तडा लगेच पडत नाही. काही तासांनी, कधी दोन दिवसांनी पडतो. म्हणून महत्त्वाच्या कामात जाड जोड वेल्डिंग झाल्या झाल्या तपासून मोकळे होत नाहीत, मुद्दाम थांबतात. मामाच्या तंबूत त्याच्या अंथरुणापेक्षा जास्त काळजी कशाची घेतली जात असेल, तर रॉडच्या ओव्हनची. मी त्यावर ओला टॉवेल वाळत घातला, तेव्हा पहिल्यांदा मामा माझ्यावर ओरडला.

रूट

पाइपच्या दोन्ही तोंडांना उतार देतात, म्हणजे समोरासमोर ठेवल्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होते. खाचेच्या तळाशी दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवतात. पहिला थर, म्हणजे रूट, त्या फटीतून आतपर्यंत उतरला पाहिजे. नंतरचे थर खाच भरतात, आणि शेवटचा, वेणीसारखा दिसणारा, तो कॅपिंग. बघणाऱ्याला फक्त कॅपिंग दिसतं. रूट पाइपच्या पोटात असते. ४०० मिलिमीटरच्या पाइपात माणूस शिरून बघू शकत नाही.

११४ नंबरला झालं ते असं. लाइन थोड्या उतारावर होती. टॅक मारल्यावर पाइप किंचित सरकला आणि खालच्या बाजूची फट मिटली. खालची बाजू म्हणजे वेल्डरने उताणं पडून, ठिणग्या अंगावर घेत करायची जागा. तिथे सुमारे वीतभर लांबीत रूट आतपर्यंत गेली नाही, असं मामाला हाताला जाणवलं होतं. आवाजही वेगळा येतो म्हणे. रूट नीट उतरत असली की आर्क फटीतून पलीकडे फुंकतो, आणि पाइपच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज येतो.

जोड कापल्यावर मामाने मला दाखवण्यासाठी दोन पट्ट्या काढल्या. एक वरच्या बाजूची, एक खालची. व्हाइसमध्ये धरून, रूटची बाजू बाहेर ठेवून, घणाने वाकवल्या. वेल्डरची परीक्षा घेतात तेव्हा असंच करतात, फक्त तिथे घणाऐवजी प्रेस असतो. पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी १८० अंशांत वाकवायची, आणि वाकलेल्या भागावर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की वेल्डर नापास. वरची पट्टी गुमान वाकली. खालची तिसऱ्या घावाला रूटपाशी उघडली. ६ मिलिमीटरपैकी जवळजवळ २ मिलिमीटर जुळलेलेच नव्हते. दोन कडा शेजारी शेजारी होत्या, नुसत्या.

मग टेस्टला काय कळतं?

आता तो भागाकार. पाइपमध्ये पाण्याचा दाब असला की पाइपला दोन दिशांनी ताण येतो. एक, घेराच्या दिशेने, म्हणजे पाइप लांबीत उभा फाटायला बघतो. दुसरा, लांबीच्या दिशेने, म्हणजे जोडापाशी दोन तुकडे वेगळे व्हायला बघतात. गंमत अशी की दुसरा ताण पहिल्याच्या निम्माच असतो. पहिल्याचं सूत्र सोपं आहे: दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट.

लाइनचा नेहमीचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो धरा आणि टेस्ट दीडपट, म्हणजे १५ किलोला. ४०० मिलिमीटर व्यास, ६ मिलिमीटर जाडी. टेस्टमध्ये घेराचा ताण येतो दर चौरस मिलिमीटरला ५ किलो. जोडाला ओढणारा ताण त्याच्या निम्मा, अडीच किलो. आणि पोलाद तुटतं ४२ ला! म्हणजे वीतभर भागात एक तृतीयांश जाडी जुळलेली नसली तरी ११४ नंबर आरामात पास. टेस्ट खोटी नाही. गळती आहे का आणि पाइपचं अंग धड आहे का, हे ती चोख सांगते. दोन पाइपांमधल्या गोल जोडाला मात्र ती फार कमी ओढते.

पण टेस्ट संपल्यावर लाइन मातीत जाते, आणि तिथे बाकीच्या गोष्टी सुरू होतात. उन्हात तापलेला पाइप गाडला आणि नंतर त्यातून गार पाणी गेलं, समजा ३० अंशांचा फरक पडला, तर पाइप आखडायला बघतो. माती त्याला आखडू देत नाही. मग लांबीच्या दिशेने ताण येतो दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७ किलो. टेस्टमधल्या अडीच किलोच्या जवळजवळ तिप्पट, आणि तोही पाण्याच्या दाबाशिवाय. त्यात माळव्याची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात हात जाईल एवढ्या भेगा मी डिसेंबरातही पाहिल्या. ही माती दर वर्षी पाइपला थोडं वर ढकलणार, थोडं खाली सोडणार. म्हणजे वाकवणार. आणि वाकवल्यावर त्या पट्टीचं काय झालं, ते आपण पाहिलंच.

शिवाय न जुळलेली फट ही नुसती कमी जाडी नसते, ती खाच असते. शांपूची पुडी नुसती ओढून फाटता फाटत नाही, पण कडेला छोटा काप असला की लगेच फाटते. पुडीची ताकद कमी झालेली नसते, सगळा ताण त्या कापाच्या टोकाशी गोळा होतो. पंप रोज सुरू होतो, बंद होतो. दर वेळी त्या टोकाला थोडा झटका. एका दणक्यात काही होत नाही. तडा केसाएवढा पुढे सरकतो, मग आणखी केसाएवढा. त्याच खाचेत पाणी साचून गंजही चढतो. आणि मग एखाद्या वर्षी, ऐन मे महिन्यात, ज्या गावांना या लाइनचं पाणी जातं त्यांच्याकडे चार दिवस पाणी नसतं, आणि कुणीतरी डोक्यावर हंडा घेऊन निघतं.

मामाने हे आकडे मांडले नव्हते. तो एवढंच म्हणाला, "टेस्ट एक दिवसाची असते. माती रोजची."

धारची लाट

परत येताना आम्ही धारला उतरलो. तिथे लाट मशीद आहे, १४०५ मध्ये दिलावर खान घोरीने बांधलेली. लाट म्हणजे खांब. मशिदीच्या आवारात एका लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे चौथऱ्यावर आडवे ठेवलेत, त्यांच्यावरून मशिदीचं हे नाव पडलं. परंपरेने हा स्तंभ अकराव्या शतकातल्या भोज राजाशी जोडतात. तिन्ही तुकडे मिळून १३.२१ मीटर लांब, वजन सुमारे ७३०० किलो. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ ७ मीटरच्या थोडा वर आहे. म्हणजे हा त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट लांब, पण शाळेच्या पुस्तकात फोटो दिल्लीवाल्याचा!

आणि हेही वेल्डिंगच आहे. त्या काळी एवढं लोखंड एकदम वितळवून ओतता येत नव्हतं. छोटे छोटे गोळे तापवून, मऊ करून, एकमेकांवर घणाने ठोकून जोडायचे. न वितळवता. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्लीच्या स्तंभाप्रमाणे या स्तंभाचाही अभ्यास केला होता. अशा लोखंडात भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, अडकून राहते. मामा रूट मारल्यावर चिपिंग हातोडीने झाडतो तीच जात. शिवाय या लोखंडात फॉस्फरस जास्त असतो. त्यामुळे ते कमी गंजतं, पण थंड असताना ठिसूळ असतं.

जहांगीर १६१७ मध्ये मांडूला जाताना धारला आला होता. त्याने आपल्या आठवणींत लिहिलंय की गुजरातच्या सुलतान बहादूरला हा खांब आपल्याकडे न्यायचा होता, पण उतरवताना तो पडला आणि तुटला. मी तिथे उभी राहून हिशेब केला. उभा होता तोवर खांबाच्या जोडांवर फक्त वरून दाब होता. दाबाने न जुळलेल्या कडाही घट्ट बसतात. आडवा करताना पहिल्यांदा त्याला वाक आला, आणि वाकात एक बाजू ओढली जाते. निखळ, एकजीव नरम लोखंड असतं तर ते वाकून राहिलं असतं, असं मला वाटतं. मामाने चौथऱ्याशी वाकून तुटलेल्या टोकाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "एवढ्या मापाचं काम, हाताने. मला नसतं जमलं." दोष काढला नाही. मीही मग माझा हिशेब मोठ्याने बोलले नाही.

११४ आर

परीक्षेच्या दृष्टीने या लेखाचा उपयोग शून्य आहे, ठाऊक आहे मला. पण आपण मंडळात "पक्की रचना", "बांधीव कथा" असे शब्द वापरतो, तेव्हा ते कुठून आले आणि तिथे पक्कं म्हणजे काय असतं, हे एकदा बघायला हरकत नाही. तुमच्या घरी कुणी फिटर, गवंडी, सुतार, टर्नर असेल तर त्यांना त्यांच्या कामाचे शब्द विचारा आणि पुढच्या अंकासाठी लिहा. "रूट आवडली नाही" हे वाक्य मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडलं नसतं.

कापलेल्या जागी मामाने दुसऱ्या दिवशी नवीन जोड मारला. या वेळी फटीत आधी तार अडकवून ठेवली, म्हणजे ती मिटणार नाही. मी पाइपच्या लांबच्या उघड्या टोकाला कान लावून बसले होते. रूट सुरू झाली तेव्हा तो आवाज आला, पोटातून घुमणारा. जोड पूर्ण झाल्यावर मामाने खडू माझ्या हातात दिला. दुरुस्त केलेल्या जोडापुढे "आर" लिहायचा असतो. मी लिहिलं: ११४ आर. आता ते मातीखाली आहे.